शाहूपुरीतले पीएफवाले काका : मी राजीनामा खिशात घेऊन गेले होते, त्याची गोष्ट

कोल्हापुरात शाहूपुरीत, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर एक जुनी इमारत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी गाड्यांच्या सीट कव्हरचं. वर जायला लाकडी जिना, पायऱ्या उंच, धरायला दोर. वर दारावर पत्र्याची पाटी : 'पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटीची कामे होतील'. म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा आणि नोकरी सुटताना कंपनीने द्यायची रक्कम. पाटीवर नाव नाही, नंबर नाही. आत एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या, भिंतीवर कालनिर्णय आणि काका. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी त्यांचीच इच्छा आहे. सगळेजण त्यांना पीएफवाले काकाच म्हणतात.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. रिटायर झाल्यावर ते हे काम करायला लागले. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, सगळीकडचे कामगार त्यांच्याकडे येतात. कुणाचा क्लेम अडकलेला, कुणाचं आधारवरचं नाव पीएफच्या नावाशी जुळत नाही, कुणाच्या कंपनीने दोन वर्षं पैसे कापले आणि भरलेच नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे वेगळ्याच कामाला गेले होते. हातात दुसरी नोकरी नसताना आहे ती सोडावी की नाही, हे मला ठरवायचं होतं. त्या कामाची पाटी कुठेच नसते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. 2 जानेवारी 2017 ला शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागले. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेरून यायचं, आमच्याकडे मशिनिंग आणि तपासणी. पहिली चार वर्षं मी तिथे आनंदाने काम केलं. बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, हातात धरल्यावर काटा कुठे थांबणार हे मनगटाला आधी कळायचं, इतकी त्या कामाची सवय झाली होती. मग नवे साहेब आले.

सकाळी सव्वानऊची मीटिंग उभ्याने. आदल्या दिवशीच्या रिजेक्शनचा आकडा फळ्यावर लिहायचा आणि ज्याच्या सेक्शनचा आकडा जास्त त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, "माझी चूक झाली." कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला तर त्यात तपासणाऱ्याची काय चूक, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं. "घरात पोळ्या लाटायला बरी आहेस तू," हे उत्तर मिळालं, वीस माणसांसमोर. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज यायचा, उद्याच्या डिस्पॅचचा फोटो टाका. टाकला नाही तर सकाळी पुन्हा फळा. जुलै 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ताच बंद झाला. आम्ही शहरातली माणसं पलीकडे जाणार कशी? त्या दिवसांच्या आमच्या रजा कापल्या.

तरी हे सगळं मी सोसलं असतं असं आजही वाटतं. सोसवलं नाही ते आकड्यांचं. 52 मिलिमीटरच्या बोअरला (भोकाला) एच-7 या मानकाची वरची मर्यादा 52.030. मार्च 2023 मध्ये एका लॉटमध्ये सात नग 52.034 आले. मी नापासचा लाल टॅग लावला. साहेबांनी टॅग काढला, पीडीआय रिपोर्ट, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा कागद, माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं, 52.028 लिही. चार मायक्रॉन म्हणजे डोळ्याला काहीच नाही, केसाच्या जाडीपुढेही नाही. पण खाली सही माझी होती. मी लिहिलं नाही. रिपोर्ट दुसऱ्याकडून लिहून घेतला गेला आणि त्या दिवसापासून माझ्यामागे साडेसाती लागली.

मी फुलेवाडीला राहते. रोज सकाळी गाडीवरून रंकाळा, दसरा चौक, ताराराणी चौक, तिथून तावडे हॉटेल. तावडे हॉटेलला हायवेला लागलं की पोटात कळ यायची. एप्रिलमध्ये दोनदा मी तिथे गाडी बाजूला लावून उभी राहिले आणि ओकले. आईला वाटलं ॲसिडिटी. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, "सुट्टीच्या दिवशी दुखतं का?" नाही दुखायचं.

घरी विषय काढला तेव्हा आईचं एकच, "लागल्याली नोकरी कोण सोडतं व्हय? आधी दुसरी बघ, मग हिला लाथ मार." मामा, शेजारच्या वहिनी, पुण्याहून भाऊ, सगळ्यांचा सूर तोच. आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात बाबा नाहीत, भाऊ नुकता लागलेला, त्याचं पुण्यातलं भाडंच त्याला भारी. पगार माझाच. मैत्रिणींचं उलट टोक, "सोड गं, काहीतरी मिळतंय." रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी दोन्ही बाजू मनात मांडायचे आणि सकाळ व्हायची.

शेवटी एका शनिवारी रात्री मी राजीनामा लिहिला. दोन पानं. सगळं लिहिलं, पोळ्या, फळा, पूर, 52.034. मंगळवारी द्यायचा ठरवला, कारण सोमवारी 1 मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. रविवारी आमच्या डिस्पॅचला असलेल्या आणि आता रिटायर झालेल्या एका सहकारी मामांचा फोन आला, त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "देणार असशील तर दे, पण आज शाहूपुरीत जाऊन ये. काका रविवारी अकरापर्यंत असतात." म्हणून 30 एप्रिल 2023 ला सकाळी मी तो जिना चढले.

आधी सेवेचं सांगते. फी तेव्हा तीनशे रुपये, एका बैठकीची. वेळेचं बंधन नाही, माझी पहिली बैठक तासाभरापेक्षा जास्त चालली. नंबर लावायची पद्धत नाही. जो आधी येईल तो आधी, म्हणून मी पाऊण तास जिन्यावर बसले. पैसे रोख. पावती मागितली तर देतात, आपण होऊन देत नाहीत. चहा खालून येतो आणि त्याचे पैसे ते घेत नाहीत.

मी आत जाऊन म्हटलं, "काका, मी राजीनामा लिहून आणलोय." त्यांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, "तो असू दे. अपॉइंटमेंट लेटर आणलंय का?"

आणलं नव्हतं. मोबाईलवर फोटो होता. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन, मोबाईल डोळ्याजवळ धरून ते पूर्ण वाचलं, मागच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. नोटीस साठ दिवस. बाँड नाही. मग पगाराची स्लिप मागितली. बेसिक आणि डीए मिळून 24,000, हातात 31,000. पगार 21,000 च्या वर म्हणून ईएसआय नाही, पीएफ आहे. मग म्हणाले, "आता घरचा खर्च सांगा ताई. अंदाजे नको, मागच्या महिन्याचा."

इथे मला घाम फुटला. मी रोज मायक्रॉन मोजणारी बाई, आणि घरात महिन्याला किती लागतं हे मला नीट सांगता येईना. त्यांनी घाई केली नाही. पाठकोऱ्या कागदावर एकेक लिहीत गेले. किराणा, दूध, भाजी 9,500. आईची औषधं 1,800. लाइट, गॅस, मोबाईल 2,600. गाडीचा हप्ता 2,900. विम्याचा हप्ता 2,150. भिशी 2,000. बेरीज 20,950. "एकवीस हजार धरा." मग हातात काय? आरडी आणि बचत मिळून 1,12,000. भिशी बारा जणींची, माझा नंबर ऑगस्टमध्ये, 24,000.

त्यांच्याकडे एक पेन आणि एक पेन्सिल असते. जे पैसे आज आपले आहेत ते पेनने. जे येणार आहेत ते पेन्सिलने. 1,12,000 पेनने लिहिले. भिशीचे पेन्सिलने. मी म्हटलं, "काका, ग्रॅच्युइटी पण येईल की." ते म्हणाले, "यील. पण हातात पडेपर्यंत पेन्सिल." पेनच्या रकमेला एकवीस हजाराने भागलं, पाच महिने आणि वर थोडे. भिशी धरली तर साडेसहाच्या जवळ. तो आकडा त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठा लिहिला आणि त्याभोवती चौकट केली.

मग त्यांनी जे विचारलं ते घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. "दुसरी नोकरी किती दिवस शोधताय?"

"चौदा महिने."

"मुलाखती किती झाल्या?"

दोन ठरल्या होत्या. एक गोकुळ शिरगावला, एक कागलला. दोन्ही दिवशी रजा नाकारली आणि मी जाऊ शकले नाही. म्हणजे शून्य. त्यांनी कागदावर लिहिलं, 14 आणि त्यासमोर 0. बाकी काही बोलले नाहीत.

'आधी दुसरी बघ, मग सोड' हा सल्ला चुकीचा नाही, हे मी परत सांगते. ज्याला बघायला वेळ मिळतो त्याने तसंच करावं. पण माझ्या बाबतीत ती नोकरीच दुसरी नोकरी शोधू देत नव्हती. बारा तास कारखाना, रात्री ग्रुप, रजा नाही, आणि मुलाखतीत काय बोलायचं याचा विचार करायला डोकं शिल्लक नाही. हे मला चौदा महिने जाणवत होतं, पण 14 आणि 0 असं शेजारी शेजारी कधी दिसलं नव्हतं. आईला नंतर मी तो कागदच दाखवला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मग किराणा नऊ हजारात बसवतो मी."

काकांनी आणखी एक विचारलं : नोकरी नको आहे की हे साहेब नकोत? कंपनीचं दुसरं युनिट आहे का, तिथे बदली मागून बघितली का? मागितली होती. डिसेंबरमध्ये, ईमेलने. उत्तर आलं नव्हतं. "ईमेल जपून ठेवा," म्हणाले, आणि पुढे गेले.

मग कालनिर्णय. हा भाग मी कधी विसरणार नाही.

त्यांनी विचारलं, "राजीनामा कधी देणार?" मी म्हटलं, "परवा, मंगळवारी. 2 तारखेला." ते उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं आणि बोटाने दिवस मोजायला लागले. मे संपेपर्यंत 29, जून 30, झाले 59. साठावा दिवस 1 जुलै. मग त्यांनी माझी लागल्याची तारीख पुन्हा बघितली, 2 जानेवारी 2017. आणि म्हणाले, "ताई, 1 जुलैला तुमची सहा वर्षं सहा महिने पुरी होतात. बरोब्बर पुरी. आणि कायद्यात लिहिलंय सहा महिन्यांपेक्षा जास्त."

ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा कायदा 1972 चा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क लागू होतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. हिशोब असा : शेवटचं बेसिक आणि डीए, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात, नाहीतर सोडून देतात. माझं एका वर्षाचं 13,846 रुपये. सहा वर्षांचे 83,077. सात वर्षांचे 96,923. मंगळवारी राजीनामा दिला असता तर शेवटचा दिवस 1 जुलै, आणि एका दिवसासाठी सातवं वर्ष हातचं गेलं असतं.

"8 तारखेला द्या," ते म्हणाले. "सोमवार हाय. साठावा दिवस 7 जुलै, शुक्रवार. चार-पाच दिवस वर असू देत, कुणी रजेचा घोळ घातला तर." मग स्वतःच सावध केलं, की कंपनीने नोटीस न घेता आधीच मोकळं केलं तर हे गणित मोडतं. मी म्हटलं, जूनमध्ये कस्टमरचं ऑडिट आहे, ते मला तोवर सोडणार नाहीत. तसंच झालं.

आता त्या सहा दिवसांबद्दल. मला वाटलं होतं सहा दिवस काढणं जड जाईल. मंगळवारी सकाळी तावडे हॉटेलला आले आणि पोटात कळ आली, आलीच. पण आधीच्या कळेत आणि या कळेत फरक होता. आता माझ्या पर्समध्ये काकांचा कागद होता, त्यावर 8 मे आणि 7 जुलै. सव्वानऊच्या मीटिंगला साहेब बोलत होते आणि मी त्यांच्यामागच्या खिडकीतून फाउंड्रीच्या चिमणीकडे बघत होते. गुरुवारी परत एक लॉट आला. मी मापं घेतली, आली तशी लिहिली, सही केली. कुणी काही म्हटलं नाही त्या दिवशी.

राजीनाम्याचं पत्र त्यांनी बदलायला लावलं. माझी दोन पानं त्यांनी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "हे घरात ठेवा. तारखा घालून ठेवा. द्यायचं हे नाही." द्यायचं पत्र चार ओळींचं : मी अमुक पदावर, आजपासून साठ दिवसांची नोटीस देत आहे, शेवटचा दिवस 7 जुलै, माझी देणी नियमाप्रमाणे द्यावीत. कारण वैयक्तिक. मला ते पचायला वेळ लागला. 'वैयक्तिक' लिहायचं म्हणजे त्यांचं सगळं झाकायचं, असं वाटलं. काकांचं म्हणणं, देणी मिळेपर्यंत पत्रात भांडण नको. भांडायचं असेल तर त्याची जागा वेगळी, अर्ज वेगळा. यावर माझं आजही त्यांच्याशी पूर्ण जुळत नाही. ती दोन पानं तेव्हा कुणीतरी वाचायला हवी होती. पण पत्र मी त्यांनी सांगितलं तसंच दिलं, एचआरला ईमेल, स्वतःच्या मेलवर कॉपी, आणि छापील पत्राच्या ओसीवर (आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर) सही, शिक्का, तारीख घेतली. साहेब म्हणाले, "मी मंजूरच करत नाही." काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोच हातात असली की झालं, म्हणून मी शांत उभी राहिले.

नोटीस सुरू असतानाच त्यांनी माझं आणखी एक काम उरकून घेतलं. पीएफच्या रेकॉर्डमध्ये माझ्या नावात वडिलांचं नाव नव्हतं, आधारवर होतं. "नोकरीत असताना दुरुस्त करा," ते म्हणाले, "दुरुस्तीला कंपनीची सही लागते, आणि सुटल्यावर सहीसाठी गेटवर उभं करतात." खरंच होतं ते. महिनाभर मागे लागून मी ते करून घेतलं. पीएफचे पैसे काढू नका, पाच वर्षं झाली असली तरी काढू नका, पडू देत, व्याज मिळत राहतं आणि नवीन ठिकाणी ट्रान्सफर होतात, असं त्यांनी बजावलं. 2022-23 चा व्याजदर 8.15 टक्के होता, घरातली आरडी त्यापुढे कमीच. पेन्शनच्या पैशालाही हात लावू नका, दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क येतो, माझी साडेसहा झालीत, उरलेली पुढच्या नोकरीत होतील. आणि कंपनीने सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपण टाकता येते, हेही त्यांनीच सांगितलं. मला ती वेळ आली. मोबाईलवर दहा मिनिटांत झालं.

हे सगळे नियम मी 2023 चे सांगतेय. त्यानंतर कामगार संहिता आल्या, पीएफ काढायचे नियमही बदलले. तुमच्या वेळेचे आकडे त्यांच्याकडून नव्याने काढून घ्या.

आता त्यांच्या सेवेतल्या उणिवा, कारण त्या सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

पहिली आणि मोठी. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये माझी आई होती. तिला शुगर आहे. नोकरी सुटली की ते संरक्षण त्याच दिवशी संपतं. पहिल्या बैठकीत काकांनी याचा शब्दही काढला नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. जूनच्या शेवटी अकाउंट्सच्या एका मैत्रिणीने सहज विचारलं, "आईचं काय करणार?" तेव्हा माझे पाय गळाले. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीची वर्षं धरली जाऊ शकतात, पण अर्ज संरक्षण संपायच्या आत करावा लागतो. मी धावपळ करून केला. हप्ता बराच वाढला आणि एकवीस हजाराचं गणित हललं. मी काकांकडे गेले आणि स्पष्ट बोलले. त्यांनी सबब सांगितली नाही. त्यांच्याकडे विचारायच्या प्रश्नांची एक वही आहे. तिच्या पहिल्याच पानावर त्यांनी लाल पेनने लिहिलं : 'मेडिक्लेम, घरातले कोण कोण?' हे मला आवडलं, पण माझ्यासारखी अजून कुणी त्याआधी येऊन गेली असेल, तिचं काय झालं असेल, हा विचार जात नाही.

दुसरी उणीव. काका पैशाचं आणि कागदाचं बघतात. तावडे हॉटेलला ओकारी येते, रात्री छाती धडधडते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "ते माझं खातं नाही ताई." खरं आहे, आणि न येणाऱ्या विषयात बोलत नाहीत याचा मला आदरच आहे. पण त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांना तोच त्रास असणार. एक कागद भिंतीवर लावला तरी चालेल. मला मनाच्या त्रासासाठीच्या 14416 या सरकारी टेलि-मानस नंबरची माहिती खूप उशिरा मिळाली. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. मी एका रात्री पाऊणएकला फोन केला होता. समोरच्या बाईंनी मला पहिलं हे विचारलं, की मी जेवले आहे का. त्यावर मी पहिल्यांदा रडले. तो नंबर मी काकांना लिहून दिलाय. लावला नसेल तर परत सांगेन.

बाकी लहानसहान. जिना खरोखर वाईट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली झेरॉक्सवाल्याला सांगावं, काका खाली येऊन बसतात. फोन घेत नाहीत. संध्याकाळी गेलात तर गर्दी.

7 जुलैला मी सुटले. ग्रॅच्युइटीचा अर्ज त्याच आठवड्यात दिला. तीस दिवसांत मिळायला हवी, मिळाली नाही. काकांनी दोन परिच्छेदांचं पत्र करून दिलं, त्याचे शंभर रुपये घेतले. सप्टेंबरच्या मध्यावर 96,923 खात्यात आले. त्या संध्याकाळी मी त्यांचा तो जुना पाठकोरा कागद काढला आणि पेन्सिलचा आकडा पेनने गिरवला.

नोकरी मिळायला नोव्हेंबर उजाडला. मधले चार महिने सोपे गेले असं मी सांगणार नाही. ऑगस्टमध्ये भिशी आली म्हणून महिना निघाला. दिवाळीच्या आधी आईने बांगडीचा विषय काढला आणि मी तिच्यावर ओरडले. पण मुलाखती नऊ दिल्या. आता गोकुळ शिरगावला एका मापन उपकरणांच्या लॅबमध्ये आहे. पगार सुरुवातीला आधीपेक्षा तीन हजाराने कमी होता, आता बरोबरीला आलाय. आकडा जो येतो तोच लिहायचा असतो इथे.

गेल्या महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीला काकांकडे घेऊन गेले. ती एका पतसंस्थेत आहे, तिचेही दिवस वाईट चाललेत. मला वाटलं तेही तिला तारीख काढून देतील. त्यांनी तिचा कागद भरला. हातात शिल्लक दीड महिन्याची. नोकरी शोधायला लागून तीनच आठवडे. तिची रजा मात्र कुणी अडवत नव्हतं. काका तिला म्हणाले, "तुमचं अजून शोधून झालेलं न्हाई." आणि शाखा बदलून मागायचा अर्ज लिहून दिला. ती तिथेच आहे अजून, दुसऱ्या शाखेत, आणि दोन ठिकाणी मुलाखत देऊन आलीय.

जाणार असाल तर अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, पीएफचा नंबर, आधार, मेडिक्लेमचं कार्ड, आणि मागच्या महिन्याचा घरखर्च लिहून न्या. सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पोचलात तर पहिला नंबर लागतो. राजीनामा आधीच लिहून ठेवला असेल तर तोही न्या, फक्त तारखेची जागा कोरी ठेवा.